पाच अक्षरांच्या इंग्रजी भेंड्या

माझ्या जावेला इंग्रजी येत नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे मी आडून बोलते असं पुढे कुणी म्हणायला नको. ती बारावी झालेली, इंग्रजीत काठावर पास, आणि आमच्या गावातली इंग्रजी शाळा तीच चालवते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, डी.एड. केलं, आणि त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही दोघी एकाच स्लॅबखाली राहतो. चुली दोन, अंगण एक, आणि टँकर आला की घागरी एकाच रांगेत.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात आहे. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊस तोडायला जातं आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. मधले महिने गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि आमची शाळा एवढंच उरतं. शाळेत आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. म्हणजे आईबाप उसाच्या फडावर गेले की त्यांची पोरं शाळेत जेवतात, आजीकडे झोपतात आणि सकाळी वर्गात येतात. शाळेचा पट ठरलेल्या आकड्याखाली गेला, तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळणार, असं वरून सांगितलेलं होतं. शाळा गेली की वसतिगृह गेलं, आणि ही पोरं आईबापांच्या मागं फडावर. तिथं ती लहान भावंडं सांभाळतात आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, कारण त्यातली कितीतरी परत आल्यावर बाराखडी विसरलेली मी पाहिली आहेत.

आणि पट खाणारी माझ्याच घरात बसली होती.

जावेनं सासऱ्यांच्या कडब्याच्या शेडला रंग दिला, दारावर मिकी माऊस काढून घेतला आणि शाळा सुरू केली. तिला कुणीतरी मोबाइलवर शब्दांची पानं दाखवली. त्या पानांवर पहिलं अक्षर घालायचं, शेवटचं घालायचं, शब्द किती अक्षरांचा पाहिजे ते सांगायचं, की शब्दांचा ढीग समोर येतो. तो ढीग तिनं शेडच्या भिंतींवर रंगाऱ्याकडून लिहून घेतला. चार अक्षरांची एक भिंत, पाच अक्षरांची एक. रोज सकाळी पोरं त्या भिंतीकडे तोंड करून पाढे म्हटल्यासारखी म्हणत, एस टी ओ एन ई स्टोन, एस टी ओ व्ही ई स्टोव्ह, एस टी ओ आर ई स्टोअर. अर्थ कुणालाच माहीत नसे, म्हणवून घेणारीलासुद्धा. पण प्रत्येक पोराचा शब्द झाला की ती स्वतः टाळी वाजवायची आणि बाकीच्यांना वाजवायला लावायची. बरोबर आला तरी टाळी, चुकला तरी टाळी. तो टाळ्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि माझी फोडणी करपायची.

माझी पद्धत वेगळी होती. मी एक शब्द आठवडाभर शिकवते. शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा, वस्तू हातात घेऊन दाखवायची. पक्का येत असेल तर उभं राहायचं. चुकलं तर मी म्हणते, ‘चुकलं, बस.’ ओरडत नाही, छडी तर मी हातातसुद्धा घेत नाही. फक्त ‘बस’. माझ्या वर्गात अर्धवट उत्तर द्यायला कुणी उठत नाही याचा मला अभिमान होता. केंद्रप्रमुख आले की म्हणायचे, मॅडमचा वर्ग लई शांत.

आता ज्या गोष्टीवरून गाव मला टोचायचं तीही सांगते. माझी मुलगी जावेच्या शाळेत होती. लोकांची पोरं मी जिल्हा परिषदेत मागायची आणि स्वतःची त्या मिकी माऊसच्या दारातून आत जायची. हा निर्णय माझा नव्हता. नवऱ्याचं शिरूरला औषधांचं दुकान आहे. तो सकाळी जातो आणि रात्री येतो. घरची शाळा असताना पोरगी बाहेर कशाला, एवढंच तो म्हणाला, सासूनं मान डोलावली, आणि टाय बांधून पोरगी गेली. मी भांडले, पण हरले. एप्रिलमध्ये पटासाठी दारोदार फिरताना प्रत्येक उंबऱ्यावर मला तेच ऐकायला मिळायचं. मॅडम, तुमची कुठं शिकती? मी दात दाबून पुढच्या घरी जायची.

त्या वर्षी एप्रिलमध्येच एका ओसरीवर चारचौघं बसली होती. एकजण म्हणाला, तिकडची पोरं फाडफाड इंग्रजी बोलतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, बोलत नाहीत, भिंत वाचतात. एकदा आणा समोरासमोर, मग कळेल कोण काय शिकवतं. सरपंच तिथंच पान लावत बसले होते. या माणसाला गावात कार्यक्रम पाहिजे असतो, निमित्त कशाचंही चालतं. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की एक मेला झेंडावंदन झाल्यावर दोन्ही शाळांच्या भेंड्या लावायच्या, इंग्रजी शब्दांच्या. जो जिंकंल तिकडं पोरं घालायची का न्हाई ते ज्याचं त्यानं ठरवायचं. महाराष्ट्र दिनाला इंग्रजीच्या भेंड्या, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

नियमही त्यांनीच केले. शब्द पाच अक्षरांचा, कारण पंचायतीत पाच मोठे. पहिलं अक्षर मी सांगायचं, शेवटचं जावेनं. आळीपाळीनं एकेक शब्द, आधी आलेला परत चालणार नाही. ज्यांना शब्द सुचणार नाही ते हरले. समोरच्यांचा शब्द खोटा वाटला तर हरकत घ्यायची, पण क्रिकेटमधल्यासारखी प्रत्येक बाजूला एकच हरकत. शब्द खोटा निघाला की ती बाजू तिथंच बाद. खरंखोटं मोबाइल सांगेल, आणि मोबाइल सरपंचांचा.

एक मेच्या सकाळी शाळेच्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या. ऊसतोडीची माणसं परतलेली होती, त्यामुळे गाव भरलेलं होतं. जावेची पोरं त्या उन्हात बूटमोजे, टाय घालून आली होती आणि घामानं चिंब झाली होती. माझी पोरं चप्पल काढून रांगेत बसली होती. जावेनं नवी साडी नेसली होती आणि मोबाइल धरून चित्रीकरण करायला एकाला उभं केलं होतं. माझी मुलगी तिच्या रांगेत अगदी शेवटी होती. तिसरीची परीक्षा दिलेली, दोन वेण्या, एक बूट सैल. तिला शेवटी का बसवलं ते मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मी ‘एस’ म्हणाले, कारण एसचे शब्द माझ्या पोरांकडे भरपूर होते. जाऊ क्षणभरही न थांबता ‘ई’ म्हणाली. तिच्या भिंतीवरची पहिली ओळ तीच होती.

सुरुवातीला तिकडून स्टोन, स्टोव्ह, स्टोअर धडाधड आले. इकडून माझा पहिला मुलगा उठला आणि म्हणाला, एस एन ए के ई, स्नेक, म्हणजे साप, साप बिळात राहतो. लोक हसले. दुसरी उठली, शेप, म्हणजे आकार. सरपंच म्हणाले, अर्थ ऱ्हाऊ द्या मॅडम, टाइम जातोय. म्हणजे ज्यासाठी मी वर्षभर घसा कोरडा केला ते वेळकाढू ठरलं. तिकडे प्रत्येक शब्दावर टाळ्या पडत होत्या, इकडे पोरं माझ्या तोंडाकडे बघत खाली बसत होती.

माझी हुकमाची राणी म्हणजे चौथीतली एक मुलगी होती. तिचे आईवडील टोळीत ऊस तोडतात आणि ती दरवर्षी वसतिगृहात असते. शब्द तिच्या डोक्यात चिकटून बसतात. गर्दीच्या कडेला तिची आई उभी होती, काखेत धाकटी, डोक्यावर पदर. मुलगी उठली आणि हळू आवाजात म्हणाली, “एस आय ई व्ही ई, सिव्ह. चाळणी.”

हा शब्द मी तिला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिकवला होता, पीठ चाळताना. भिंत वाचणाऱ्यांच्या बापजन्मात हा शब्द आला नसता. जाऊ ताडकन म्हणाली, “हरकत. असला शब्दच न्हाई.”

मला हसू आलं. आमच्या मैदानावर रेंज येत नाही, म्हणून सरपंच मोबाइल घेऊन शाळेच्या ओट्यावर चढले, मग ओट्यावरच्या बाकावर चढले. सगळं गाव माना वर करून त्यांच्याकडे बघत होतं. मीही बघत होते. म्हणून मला उशिरा दिसलं की ती चौथीतली मुलगी खाली बसली होती. निकाल लागायच्या आधीच. हरकत शब्द कानावर पडला आणि ती बसली, हात मांडीवर, नजर सतरंजीवर.

बाकावरून सरपंचांनी मोबाइल सगळ्यांना दाखवला. पडद्यावर चाळणीचं चित्र होतं. लोक खूष झाले, चाळणी चाळणी म्हणून बायका हसल्या, जावेचं तोंड उतरलं. मी त्या मुलीला खूण केली, उभी राहा. तिनं बघितलं, पण ती उठली नाही. शब्द तिचा होता, खरा होता, गाव तिच्या बाजूनं होतं, आणि ती बसून राहिली. मला वाटलं, लाजली असेल. पुढे लक्ष द्यायला सवड नव्हती.

खेळ पुढे सरकला तशा दोन्ही बाजू आटत गेल्या. तिकडची भिंत संपली होती, हे मला त्यांच्या पोरांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. इकडे माझी पोरं एकेक शब्द देऊन बसली होती आणि आता माना खाली घालून होती. त्या चौथीतल्या मुलीचे ओठ हलताना मला दिसत होते. तिच्याकडे सेन्स होता, सिन्स होता, सॉल्व्ह होता, सगळे मी शिकवलेले. पण ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. पुढची पाळी तिकडची होती. त्यांना शब्द सुचला तर आमच्यावर यायचं, आणि आमच्याकडे उठणारं कुणी नव्हतं.

जावेनं माझ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढे केलं. हे तिनं मुद्दाम केलं असं मी आजही म्हणते. आई स्वतःच्या पोरीवर हरकत घेणार नाही, हा तिचा हिशेब होता. ती आजही म्हणते की तसं काही नव्हतं, पोरीची पाळी आली म्हणून पोरगी उठली. तिचं म्हणणं मी नोंदवलं, पटलेलं नाही.

माझी मुलगी सगळ्यांच्या समोर ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “एस एम ओ एन ई, स्मोन.”

टाळ्या पडल्या. असा शब्द नाही. मला पक्कं माहीत होतं की असा शब्द नाही. मी सरपंचांकडे बघितलं, ते आमच्या बाजूला वळून पुढच्या शब्दाची वाट बघू लागले होते. माझ्या पोरांच्या माना खाली होत्या. मी विचार केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि तो पट, वसतिगृह आणि जावेचं तोंड या तिन्हींचा मिळून होता. मी हात वर केला.

“हरकत,” मी म्हणाले.

सरपंच परत ओट्यावर, परत बाकावर. शब्द टाइप करायला त्यांना नेहमीप्रमाणे वेळ लागला. माझी मुलगी हलली नाही. जावेकडे बघितलं नाही, मोबाइलकडे बघितलं नाही. सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती. रडेल असं मला वाटलं होतं, पण रडली नाही. सैल बुटातला पाय तिनं एकदा नीट आत सरकवला आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

“न्हाई सापडत,” सरपंच म्हणाले. त्यांनी पुन्हा बघितलं. नाहीच.

आम्ही जिंकलो. माझ्या पोरांनी मात्र आरडाओरडा केला नाही. त्यांना तो शिकवलेला नाही. उलट टाळ्या तिकडून आल्या. जाऊ माझ्या मुलीसाठी टाळ्या वाजवत होती, आणि तिची सगळी पोरंही. हरलेल्या शब्दाला टाळ्या. मुलगी आपल्या चालीनं जागेवर गेली आणि बसली. सरपंचांनी मला नारळ दिला. मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही. बऱ्याच दिवसांनी त्या घरात काहीतरी माझ्या मनासारखं झालं होतं.

घरी आल्यावर जावेनं अंगणातच मला गाठलं. पोटच्या पोरीला गावापुढं खोटी पाडलीस, तुला काही वाटतं का, असं ती म्हणाली. मी म्हणाले, खोटं तुम्ही शिकवलंत, मी फक्त दाखवलं. ती म्हणाली की तिनं कुणाला खोटं शिकवलं नाही. शब्द आठवला नाही तर घाबरायचं नाही, बोलून मोकळं व्हायचं, एवढंच शिकवलं. मी म्हणाले, याला इंग्रजी म्हणत नाहीत, याला थापा म्हणतात. सासू मधे पडली. नवऱ्यानं रात्री आल्यावर सगळं ऐकलं, नारळाकडे बघितलं आणि न जेवता झोपला. मुलगी माझ्याशी बोलत होती, पण लागेल तेवढंच. पाणी दे, वेणी घाल. त्या सकाळबद्दल एक अक्षरही नाही.

नारळ फोडून मी वड्या केल्या. त्यांना कुणी हात लावला नाही.

माझा समज असा होता की आता पालक रांग लावतील. मेच्या उन्हात मी पुन्हा दारोदार फिरले. लोक पाणी देत, बसवत, तुमी जिंकलात मॅडम म्हणत, आणि पोरांची नावं जावेच्या शाळेत घालून येत. ज्यांचे ट्रॅक्टर होते, विहिरीला पाणी होतं, त्यांचं मी धरलंच नव्हतं. पण टोळीतली माणसंही हात आखडता घेऊ लागली. शेवटी मोजणी अशी झाली की वसतिगृह टिकवायला मला आणखी फक्त दोन पोरं पाहिजे होती. त्यातलं एक नाव मी गृहीत धरलं होतं. त्या चौथीतल्या मुलीची धाकटी बहीण यंदा पहिलीत बसणार होती. मोठी माझ्याकडे, तर धाकटी माझ्याकडेच, यात विचारायचं काय?

एक दिवस ती आईच शाळेत आली. मी वर्ग झाडत होते. ती दाराशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, धाकटीला तिकडं घालते, तुमच्या जाऊबाईकडं. तुमाला बाहेरून कळायच्या आधी मीच सांगते. मला संताप आला. मी म्हणाले, तुझ्या डोळ्यांसमोर त्यांचा शब्द खोटा निघाला, तरी? मला तिला खूप काही सांगायचं होतं. भिंतीवरच्या शब्दांबद्दल, बारावीच्या काठावरच्या मार्कांबद्दल. मी त्यातलं बरंच सांगितलंही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, “बाई, शब्द खोटा हाय ते मलाबी कळलं. मोबाइलनं सांगितलं की. पर तुमची पोरगी खोट्या शब्दावर उभी ऱ्हायली. माझीचा शब्द खरा व्हता, तरी ती बसली. कुणी बस म्हणायच्या आधी.”

मी म्हणाले, लाजाळू आहे ती.

“लाजाळू न्हाई. फडावर मुकादम आला की आमी अशाच बसतो, मान खाली घालून. चूक असू न्हाईतर नसू. त्यो नुसता ‘कोण हाय रे’ म्हणाला तरी बसतो. मी तिला त्यासाठी तुमच्याकडं ठिवली न्हवती.”

मुकादम म्हणजे टोळी घेऊन जाणारा ठेकेदार. त्याच्याशी माझी तुलना आजवर कुणी केली नव्हती. माझ्या हातात झाडू होता आणि तो कोपऱ्यात टेकवायचंही मला सुचलं नाही. मी छडी मारत नाही, मी आवाज चढवत नाही, हे सगळं ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी तिला हिशेब सांगितला. धाकटी आली नाही तर दोन पोरं कमी पडतील, वसतिगृह बंद होईल, मग मोठीला कुठं ठेवशील? फडावर नेशील? मला वाटलं होतं की हे ऐकून ती वरमेल.

ती म्हणाली, धाकटीपुरतं म्हातारी आई बघंल, दोघींचं तिला झेपत न्हाई, शाळा तिकडंच. मोठी तुमच्याकडंच ऱ्हाईल, तिला शब्द तुमीच दिलेत, ते मी इसरत न्हाई. शेजारी माझी जाऊ ऱ्हाते, तिची पोरगी तुमच्याकडं घालायला मी तिला तयार करते, तेवढं एक नाव माझ्याकडून धरा. मग ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

“म्हंजे एकच पोर कमी पडतंय न्हवं? एक तुमच्या घरात हाय की.”

एवढं बोलून ती गेली. हेच वेगळ्या शब्दांत एप्रिलभर प्रत्येक दारात मी ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मला टोमणा वाटला होता. हा टोमणा नव्हता. हा साधा हिशेब होता, आणि तिच्या पोरीचा अख्खा हंगाम त्यावर होता. मला तिचा राग आला तो आलाच. खोटा शब्द खोटाच असतो, हे मी अजूनही म्हणते. पण त्या दिवशी वर्ग झाडायचा अर्धा तसाच राहिला.

नवऱ्याशी मी यावेळी भांडले नाही, फक्त सांगितलं. तो म्हणाला, तिला विचार, ती येत असेल तर ने. त्याला खात्री असावी की ती येणार नाही. मलाही तशीच भीती होती.

संध्याकाळी अंगणात भाकरी चालल्या होत्या. माझ्या चुलीवर मी, पलीकडच्या चुलीवर जाऊ. मुलगी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. मी सगळं सरळ सांगितलं. शाळेला एक पोर कमी पडतंय, ते नसेल तर वसतिगृह बंद होईल, तू ये. बूट, टाय काही लागणार नाही. पलीकडची भाकरी थापायची थांबली. कान इकडेच होते.

मुलीनं शेंगेचं टरफल टाकलं आणि विचारलं, “तुझ्या शाळेत चुकल्यावर उभं राहता येतं का?”

चुकायचंच कशाला, हे माझ्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं ते तिथंच असतं. तवा तापला होता, भाकरी हातात होती, आणि जाऊ ऐकत होती. तिच्यासमोर तर मला हे उत्तर मुळीच द्यायचं नव्हतं.

“येतं,” मी म्हणाले.

“कधीपासून?”

तिनं थोडा वेळ वाट बघितली, अगदी त्या दिवशी लिंबाखाली बघत होती तशी. मग पुढची शेंग घेतली.

“ती चाळणीवाली आहे ना,” ती म्हणाली, “आधी तिला उभी कर. ती उभी राहिली की मला सांग. मग मी येते.”

मी भाकरी तव्यावर टाकली. पलीकडच्या चुलीवरून भाकरी थापल्याचा आवाज परत सुरू झाला.